लष्करी तळांच्या जमाखर्चात मुले कोठे?

हिंदी महासागरातील बेटे, धक्के आणि धावपट्ट्या यांविषयी आपल्या मराठी वृत्तपत्रांतून अलीकडे मोठ्या उत्साहाने लिहिले जाते. कोणत्या बेटावर कोणाची विमाने उतरतात, कोणत्या बंदरात कोणाच्या नौका इंधन भरतात, याचे नकाशे छापले जातात. आणि परक्या भूमीवर आपला तळ असणे हे राष्ट्र वयात आल्याचे लक्षण आहे, असे गृहीत धरूनच सारी चर्चा चालते. या चर्चेत धावपट्टीची लांबी असते, बंदराची खोली असते, प्रतिस्पर्धी राष्ट्राच्या पाणबुड्यांची गणती असते. त्या बेटावर राहणारी माणसे मात्र तीत सहसा आढळत नाहीत आणि मुले तर कधीच आढळत नाहीत. राष्ट्रहिताचा विचार शेवटच्या माणसापासून सुरू करावा असे मानणाऱ्या वाचकांपुढे हा वगळलेला भाग मांडणे आवश्यक आहे.

परदेशी लष्करी तळावर गेलेले बालपण हा पाश्चात्त्य देशांत स्मरणलेखनाचा एक स्वतंत्र विषय आहे. जर्मनी, ओकिनावा, फिलिपाइन्स अशा ठिकाणी वडिलांची नेमणूक झाल्यामुळे तेथे वाढलेली अमेरिकन मुले मोठेपणी त्या दिवसांविषयी लिहितात, परस्परांना शोधून मेळावे भरवितात. आखीव रस्ते, हिरवळ, तळावरील शाळा, चित्रपटगृह, स्वदेशातून आलेला माल विकणारे स्वस्त दुकान, दर दोन-तीन वर्षांनी होणारी बदली आणि तिच्यामुळे तुटणारी मैत्री, असा या आठवणींचा साचा असतो. त्या खोट्या आहेत असे म्हणण्याचे कारण नाही. मूल आईबाप निवडत नाही, तसा वडिलांचा हुद्दाही निवडत नाही. त्याच्या आनंदाला किंवा एकटेपणाला दोष देणे हा अन्याय होईल. परंतु आठवण आणि हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुंपणाच्या आत वाढणाऱ्या मुलाला कुंपण दिसते. ते कोणाच्या वस्तीतून घातले गेले हे त्याला दिसत नाही. ते दाखविणे हे प्रौढांचे, म्हणजेच राजकारणाचे काम आहे.

हा विषय आपल्यापासून दूरचा आहे असे मानू नये. विलायतेच्या दृष्टीने पाहिले तर पुणे, खडकी, नगर, देवळाली आणि कामठी येथील छावण्या हे परदेशी लष्करी तळच होते. इंग्लंडमध्ये पुढे विनोदकार आणि लेखक म्हणून गाजलेला स्पाइक मिलिगन १९१८ मध्ये आपल्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, जन्मला. वडील ब्रिटिश तोफखान्यात होते. पोराचे बालपण पुण्यात आणि रंगूनमध्ये गेले आणि पुढे हे कुटुंब इंग्लंडला परतले. असे हजारो गोरे बालपण महाराष्ट्राच्या छावण्यांनी पोसले. या छावण्यांची दुसरी बाजूही कागदोपत्री नोंदलेली आहे. १८६४ च्या छावणी कायद्याने गोऱ्या शिपायांसाठी चालणाऱ्या वेश्याव्यवसायाचे नियमन सरकारने आपल्या हाती घेतले. लालबाजार नावाची वस्ती छावणीच्या रचनेचाच भाग ठरली, आणि तेथील बायकांना सक्तीची वैद्यकीय तपासणी सोसावी लागली. त्या वस्तीतही मुले जन्मत आणि वाढत होती. त्यांच्या बालपणाच्या आठवणी कोणी लिहिल्या नाहीत, कारण लिहिण्याची साधने छावणीच्या एकाच भागात वाटली गेली होती.

तथापि या इतिहासाची एक गुंतागुंत प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. छावणीने हिंदी शिपायांच्या काही मुलांना जे दिले ते गावाने दिले नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि पलटणीच्या शाळेत मुख्याध्यापक होते. ज्या जातीच्या मुलाला कोकणातल्या गावच्या शाळेत उंबरठ्याबाहेर बसावे लागत होते, त्या जातीच्या शिपायाच्या घरात लष्करी शाळेमुळे अक्षरओळख पोहोचली होती. महार समाजातील पहिली सुशिक्षित पिढी घडण्यात लष्करी नोकरीचा वाटा मोठा आहे, हे कोणीही नाकारू शकत नाही. परंतु पुढे काय झाले? १८९० च्या दशकाच्या आरंभी, लढाऊ जातींच्या भाकड सिद्धान्ताच्या आधारे, सरकारने महारांची भरतीच बंद केली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. दाद लागली नाही. म्हणजे तळाने जे दिले ते हक्क म्हणून दिले नव्हते. साम्राज्याच्या सोयीसाठी दिले आणि सोय संपताच काढून घेतले. तळाच्या दानशूरपणाविषयी बोलताना हा अनुभव ध्यानात ठेवावा लागतो.

दुसरी गोष्ट खर्चाची. साम्राज्याचे समुद्रापलीकडील तळ उभारण्यात मुंबई इलाख्याची माणसे आणि मुंबई इलाख्याचा पैसा वापरला गेला. १८३९ मध्ये एडन घेण्यासाठी गेलेल्या फौजेत मुंबई सैन्याच्या पलटणी होत्या, आणि त्यानंतर जवळजवळ शतकभर एडनचा कारभार मुंबईहून चालला. १९३७ मध्ये तो हिंदुस्थानापासून पूर्णपणे वेगळा झाला. १८६७-६८ ची ॲबिसिनियावरील मोहीम मुंबईहूनच निघाली, आणि तीत गेलेल्या हिंदी फौजेच्या नेहमीच्या पगाराचा बोजा हिंदी रयतेच्या माथी राहिला. १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना गोपाळ कृष्ण गोखले यांनी लष्करी खर्चाचा हा प्रश्न आकडेवारीनिशी मांडला होता, आणि दादाभाई नौरोजी त्याच आयोगाचे सदस्य होते. पहिल्या महायुद्धात सहाव्या पुणे डिव्हिजनमधील मराठा पलटणी कुतच्या वेढ्यात सापडल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली, आणि पुष्कळ जवान कैदेतून परतलेच नाहीत. त्यांच्या घरची मुले बापाविना वाढली. परक्याच्या तळासाठी आपण पैसा दिला आहे, रक्त दिले आहे आणि मुलांचे बालपणही दिले आहे. स्वतंत्र भारताने तळांकडे पाहताना ही स्मृती बाजूला ठेवणे शक्य नाही.

आता दिएगो गार्सियाकडे वळू. हिंदी महासागराच्या मध्यावरील चागोस द्वीपसमूहातील हे सर्वांत मोठे बेट. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच मळेवाल्यांनी मोझांबिक आणि मादागास्कर येथून गुलाम आणून तेथे नारळाची लागवड केली. पुढे काही हिंदी करारबद्ध मजूरही तेथे गेले. दीडशे वर्षांहून अधिक काळात या लोकांचा एक स्वतंत्र समाज बनला. त्यांची क्रेओल बोली, त्यांचे चर्च, त्यांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या कबरी तेथे होत्या. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी ब्रिटनने हा द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडला. मॉरिशस तेव्हा स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर होता. त्याचे नेते शिवसागर रामगुलाम यांच्यावर दबाव आणून तीस लाख पौंडांच्या मोबदल्यात हे तोडणे पदरात पाडून घेण्यात आले. ३० डिसेंबर १९६६ रोजी ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात पत्रांची देवाणघेवाण होऊन बेटे पन्नास वर्षांसाठी तळाकरिता उपलब्ध झाली. अमेरिकेने त्याचा मोबदला उघडपणे दिला नाही. पोलॅरिस क्षेपणास्त्रांच्या व्यवहारात ब्रिटनला एक कोटी चाळीस लाख डॉलरची सूट देऊन तो गुपचूप वळता केला. दोन्ही देशांच्या लोकप्रतिनिधींना याचा पत्ता लागू दिला नाही.

राहता राहिली बेटावरची दीड-दोन हजार माणसे. येथे कायमची वस्तीच नाही, जे आहेत ते कंत्राटावर आलेले मजूर आहेत, असे जगाला सांगण्याचे ठरले; तसे न केले तर संयुक्त राष्ट्रसंघापुढे वसाहतीतील जनतेच्या हक्कांचा प्रश्न उभा राहिला असता. ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या १९६६ च्या टिपणांत या लोकांचा उल्लेख टारझन आणि मॅन फ्रायडे अशा टवाळीच्या शब्दांत आढळतो. १९६८ पासून औषधोपचारासाठी किंवा नातलगांना भेटण्यासाठी मॉरिशसला गेलेल्यांना परत येऊ देणे बंद झाले. ऑलिव्हिए बाँकू हे आज चागोसवासीयांचे नेते आहेत. त्यांचा जन्म १९६४ चा, पेरोस बान्होस बेटावरचा. बहिणीच्या पायाला गाडीच्या चाकाने इजा झाली म्हणून आईबाप मुलांना घेऊन मॉरिशसला आले. मुलगी वाचली नाही. ते परत जायला निघाले तेव्हा त्यांना सांगण्यात आले, की तुमचे बेट विकले गेले आहे. चार वर्षांच्या मुलाचे बालपण तेथे तुटले.

१९७१ मध्ये दिएगो गार्सिया रिकामे करण्यात आले. आधी लोकांच्या पाळीव कुत्र्यांना खोबरे वाळविण्याच्या भट्टीघरात कोंडून वायूने मारण्यात आले. घरची मुले ते पाहत होती. हा हुकूम सेशेल्समध्ये बसलेल्या ब्रिटिश कमिशनरचा होता. मग मालवाहू जहाजांतून माणसे हलविली गेली, आणि १९७३ पर्यंत पेरोस बान्होस व सालोमन ही बेटेही ओस पडली. ज्यांना मॉरिशसमध्ये उतरविले ते पोर्ट लुईच्या रोश बोआ, कासी अशा झोपडवस्त्यांत जाऊन पडले. नारळ फोडणे आणि मासे धरणे याखेरीज कसब नसलेल्या माणसांना साखरेच्या अर्थव्यवस्थेत काम मिळाले नाही. लिझेत तालात या कार्यकर्तीची दोन मुले तेथे पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत दगावली. चागोसचे लोक अशा मृत्यूंचे कारण सांगताना ‘साग्रें’ हा शब्द वापरतात. त्याचा अर्थ दुःख. वैद्यकीय दाखल्यावर हे कारण लिहिता येत नाही, म्हणून ते कोणत्याही हिशेबात धरले गेले नाही.

नुकसानभरपाईचे आकडे पाहण्यासारखे आहेत. १९७२ मध्ये ब्रिटनने मॉरिशस सरकारला साडेसहा लाख पौंड दिले. ते लोकांच्या हाती पडायला पाच वर्षांहून अधिक काळ लागला, आणि तोवर महागाईने त्यांतील बराच भाग खाल्ला होता. शार्लेझिया अलेक्सी, लिझेत तालात आणि ऑलिव्हिएच्या आई रिता बाँकू यांच्यासारख्या बायकांनी उपोषणे केली, लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिला. तेव्हा कोठे १९८२ मध्ये चाळीस लाख पौंड आणखी मिळाले. १,३४४ जणांना प्रत्येकी २,९७६ पौंड. त्यासाठी परत जाण्याचा हक्क सोडल्याच्या कागदावर अंगठे घेण्यात आले. कागद इंग्रजीत होता आणि अंगठा देणारे बहुतेक निरक्षर होते. वऱ्हाडातील शेतकऱ्याला सावकाराच्या कागदाची ही पद्धत ओळखीची वाटेल.

आणि मग बेटावर जो तळ उभा राहिला, त्यावर मुलेच नाहीत. दिएगो गार्सियावर सैनिकांना कुटुंब आणण्याची परवानगी नसते. ओकिनावाच्या किंवा जर्मनीच्या तळावर निदान सैनिकांची मुले तरी वाढली; येथे तेवढेही नाही. १९९१ मध्ये इराकवर, २००१ मध्ये अफगाणिस्तानवर आणि २००३ मध्ये पुन्हा इराकवर बॉम्ब टाकणारी विमाने या धावपट्टीवरून उडाली. १९७१ नंतर या बेटावर बालपण गेले ते एकाच गटातील मुलांचे. ऑक्टोबर २०२१ मध्ये श्रीलंकेतून निघालेल्या तमिळ निर्वासितांची एक नाव कॅनडाच्या वाटेवर संकटात सापडली आणि दिएगो गार्सियाला आणली गेली. तीत लहान मुलेही होती. या साऱ्यांना तंबूंत, कुंपणाच्या आत, पहाऱ्याखाली तीन वर्षे ठेवण्यात आले. डिसेंबर २०२४ मध्ये बहुतेकांना ब्रिटनमध्ये नेण्यात आले, आणि त्याच महिन्यात त्या प्रदेशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही स्थानबद्धता बेकायदा होती असा निर्णय दिला. परदेशी लष्करी तळावरील बालपणाच्या आठवणी ही मुलेही एक दिवस लिहितील. त्या मेळावे भरविण्याजोग्या नसतील.

हा एका बेटाचा अपवाद नाही. मे १९५३ मध्ये ग्रीनलंडमधील थूले येथील अमेरिकन तळाच्या विस्तारासाठी तेथील इनुगुइट शिकारी कुटुंबांना काही दिवसांच्या मुदतीवर उत्तरेकडे कानाक येथे हलविण्यात आले. जपानच्या एकूण क्षेत्रफळात ओकिनावाचा वाटा एक टक्क्याहूनही कमी. पण जपानमधील केवळ अमेरिकेच्या वापरातील तळांच्या जमिनीपैकी सुमारे सत्तर टक्के जमीन त्या एका प्रांतात आहे. तेथे १९९५ मध्ये तीन अमेरिकन सैनिकांनी एका बारा वर्षांच्या मुलीवर बलात्कार केला, तेव्हा हजारोंच्या संख्येने लोक रस्त्यावर आले. फिलिपाइन्समध्ये सुबिकच्या वेशीबाहेर सैनिकांपासून झालेली मुले बापाचे नाव न कळताच वाढली. १६ सप्टेंबर १९९१ रोजी तेथील सिनेटने अकरा विरुद्ध बारा मतांनी नवा तळ-करार फेटाळला आणि पुढील वर्षी अमेरिकन नौदल तेथून गेले. डेव्हिड वाइन या अमेरिकन अभ्यासकाच्या २०२१ मधील अंदाजानुसार अमेरिकेचे परदेशी तळ सुमारे साडेसातशे होते आणि ते सुमारे ऐंशी देश व प्रदेशांत पसरलेले होते. प्रत्येक तळाच्या भिंतीला दोन बाजू आहेत, आणि दोन्ही बाजूंना मुले आहेत.

येथे भारताच्या धोरणाचा प्रश्न उपस्थित होतो. १६ डिसेंबर १९७१ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने हिंदी महासागर हे शांतताक्षेत्र असल्याची घोषणा केली. तिचा पुरस्कार करण्यात श्रीलंकेबरोबर भारतही पुढे होता. १९७४ मध्ये दिएगो गार्सियाच्या विस्ताराची योजना जाहीर झाली, तेव्हा सरकार आणि विरोधी पक्ष यांचा निषेधाचा सूर एक होता. ती भूमिका कोणी विधिवत मागे घेतली नाही. ती नुसती विस्मरणात गेली. फेब्रुवारी २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने चागोसचे विभाजन बेकायदा ठरविले आणि मे २०१९ मध्ये आमसभेने ११६ विरुद्ध ६ मतांनी ब्रिटनने तेथून निघावे असे सांगितले. भारताने मॉरिशसच्या बाजूने मत दिले, हे योग्यच झाले. २२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांच्यात करारावर सह्या झाल्या. मॉरिशसतर्फे सही करणारे पंतप्रधान नवीन रामगुलाम हे शिवसागर रामगुलामांचे पुत्र. या कराराप्रमाणे सार्वभौमत्व मॉरिशसला मिळणार, परंतु दिएगो गार्सिया ९९ वर्षांच्या भाड्याने तळाकडेच राहणार, आणि भाडे वर्षाला सरासरी दहा कोटी दहा लाख पौंड. चागोसवासीयांसाठी एकदाच चार कोटी पौंडांचा निधी. ते अन्य बेटांवर वस्ती करू शकतील. दिएगो गार्सियावर नाही. ज्यांची ही भूमी, ते वाटाघाटीत पक्षकार म्हणून कधीच नव्हते. सह्या झाल्यानंतरही हा करार ब्रिटनमध्ये वादाचा विषय राहिला. आपल्या सरकारने त्याचे स्वागत केले. मॉरिशसमधील लालित हा डावा पक्ष सार्वभौमत्व, परतण्याचा हक्क आणि तळ बंद करणे या तीन मागण्या एकत्र मांडत आला आहे. त्याच्याशी आपली जवळीक असायला हवी.

मॉरिशस आपल्याला परके नाही. १८३४ पासून कोकणच्या किनाऱ्यावरून करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तेथे आहेत. तेथील शाळांत मराठी शिकविली जाते आणि गणेशचतुर्थीला राष्ट्रीय सुटी असते. या बंधुभावाचा उल्लेख समारंभांतून वारंवार होतो. परंतु २०१५ च्या करारानुसार मॉरिशसच्या आगालेगा या बेटावर भारताने तीन हजार मीटरची धावपट्टी आणि धक्का बांधला, आणि २९ फेब्रुवारी २०२४ रोजी दोन्ही पंतप्रधानांनी त्यांचे उद्घाटन केले, तेव्हा तेथील सुमारे तीनशे रहिवाशांना काय वाटते याची चौकशी कोणी केली? हा लष्करी तळ नाही, असे मॉरिशसच्या सरकारने वारंवार सांगितले आहे. ते खरे ठरो. पण आगालेगाचे लोकही चागोससारखेच नारळाच्या मळ्यांवर राबलेल्या गुलामांचे वंशज आहेत, आणि चागोसचे काय झाले हे त्यांना ठाऊक आहे. त्यांच्या मनातील भीतीला आपल्याकडे उत्तर असले पाहिजे, आणि ते उत्तर भाषणात नव्हे, करारात लिहिलेले असले पाहिजे.

यावर आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाही. चीनने २०१७ मध्ये जिबूती येथे आपला तळ उघडला. त्याच वर्षी श्रीलंकेचे हंबनटोटा बंदर चिनी कंपनीकडे ९९ वर्षांसाठी गेले. अशा वेळी भारताने हात बांधून बसावे काय? समुद्रमार्गांचे रक्षण ही भारताची खरी गरज आहे, हे मान्य. खनिज तेलाचा बहुतांश पुरवठा समुद्रमार्गे येतो, आणि समुद्र असुरक्षित झाला तर त्याची किंमत प्रथम गरीबच मोजतो. परंतु या युक्तिवादातून स्थानिक लोकांना विचारू नये असा निष्कर्ष निघत नाही. उलट अनुभव सांगतो, की लोकांना न विचारता उभारलेले तळ टिकत नाहीत. सेशेल्सच्या अझम्पशन बेटावरील भारतीय सुविधेचा करार २०१८ मध्ये तेथील जनमताच्या आणि विरोधी पक्षाच्या प्रतिकूलतेमुळे अडला. ताजिकिस्तानातील आयनी विमानतळावर आपण मोठा खर्च केला. तेथील आपली उपस्थिती २०२२ मध्ये संपली. ज्या जमिनीवर आपले मित्र नाहीत तेथील काँक्रीट आपले संरक्षण करीत नाही.

अर्थशास्त्रात एक साधी शिकवण आहे. एखाद्या उद्योगाचा खर्च मालकाच्या खतावणीत दिसत नसेल, तर तो नाहीसा झालेला नसतो. तो दुसऱ्या कोणाच्या तरी घरात नोंदलेला असतो. कारखान्याचा धूर जसा शेजारच्या वस्तीच्या फुफ्फुसांत जमा होतो, तसा तळाचा खर्च तेथून उठविलेल्या मुलांच्या आयुष्यात जमा होतो. दिएगो गार्सियाची किंमत तीस लाख पौंड आणि क्षेपणास्त्रांवरील सूट एवढीच होती असे ज्यांना वाटले, त्यांना साठ वर्षांनंतरही न्यायालयांत आणि आमसभेत उत्तरे द्यावी लागत आहेत. स्वस्त म्हणून घेतलेला तळ स्वस्त पडला नाही.

देऊळघाटसारख्या गावात बसून ही चर्चा कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर या जिल्ह्यातच आहे. बुलढाण्याच्या कोरडवाहू गावांतील तरुण मोठ्या संख्येने सैन्यात जाऊ पाहतात, कारण शेती पोट भरीत नाही. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर चौघांतील जास्तीत जास्त एकाला कायम, बाकीच्यांना निवृत्तिवेतन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, माजी सैनिकांच्या दवाखान्याची सोय नाही, कॅन्टीन नाही. भरती होताना अग्निवीर अविवाहित असावा लागतो, आणि कायम व्हायचे असेल तर चार वर्षे त्याने लग्न करायचे नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचिनमध्ये कर्तव्यावर मृत्यू पावलेला पहिला अग्निवीर आमच्याच जिल्ह्यातील पिंपळगाव सराईचा होता. रामजी सुभेदारांच्या काळात परक्या सरकारने स्वतःच्या सोयीसाठी का होईना, शिपायाच्या मुलांसाठी शाळा ठेवली होती. स्वतंत्र देशाचे सरकार समुद्रापार धावपट्ट्या बांधीत असताना, सामान्य सैनिकाच्या मुलाच्या शाळा-दवाखान्याचा प्रश्नच उद्भवू नये अशी व्यवस्था करीत आहे. तळांचे वैभव आणि सैनिकाची कंत्राटी नोकरी या एकाच धोरणाच्या दोन बाजू आहेत.

दुसरे उत्तर विस्थापनाचे. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेव्हाही त्यांना देशाच्या प्रगतीचा हवाला देण्यात आला होता. आज पूर्णा नदीवरील जिगाव प्रकल्पासाठी आमच्या जिल्ह्यातील नांदुरा-जळगाव जामोद भागातील गावे उठत आहेत आणि पुनर्वसन वर्षानुवर्षे रेंगाळले आहे. धरणाचे पाणी शेतीला मिळते, तळाची विमाने बॉम्ब घेऊन उडतात. दोन्हींची बरोबरी करणे चुकीचे होईल. परंतु उठविल्या जाणाऱ्या मुलाच्या बाजूने पाहिले तर प्रश्न एकच आहे. शाळा कोठे, ओढा कोठे, आजोबांची समाधी कोठे, आणि हे सारे ज्यांनी घेतले त्यांनी विचारले का नाही? पूर्णाकाठच्या मुलाचा हा प्रश्न आपल्याला समजत असेल, तर पेरोस बान्होसच्या मुलाचा प्रश्न न समजण्याचे कारण नाही.

म्हणून समाजवादी चळवळीने तीन मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. पहिली : परदेशातील प्रत्येक लष्करी वा निमलष्करी सुविधेचा करार संसदेपुढे ठेवला जावा, आणि त्यात स्थानिक रहिवाशांच्या राहण्याच्या, ये-जा करण्याच्या व उपजीविकेच्या हक्कांची लेखी हमी असावी, आरंभ आगालेगापासून व्हावा. दुसरी : चागोसवासीयांना दिएगो गार्सियासह सर्व बेटांवर परतण्याचा हक्क आहे ही भूमिका भारताने उघडपणे घ्यावी, आणि हिंदी महासागर शांतताक्षेत्राची १९७१ ची मागणी पुन्हा जिवंत करावी. तिसरी : चार वर्षांच्या कंत्राटी सैनिकाची पद्धत रद्द करून प्रत्येक जवानाच्या मुलाला शिक्षण आणि औषधोपचार हक्काने मिळावेत.

या मागण्या एकमेकींशी असंबद्ध वाटतील, त्या तशा नाहीत. तळावर राहणारे मूल, तळासाठी उठविले गेलेले मूल आणि तळाचे रक्षण करताना मेलेल्या जवानाचे न जन्मलेले मूल, या तिघांचा विचार एकाच वेळी जो करू शकतो, तोच राष्ट्रीय सुरक्षिततेविषयी बोलायला अधिकारी आहे. रोश बोआच्या गल्लीत वाढलेली माणसे आता म्हातारी झाली आहेत. जन्माचे बेट पाहण्यासाठी त्यांच्याजवळ फार वर्षे उरलेली नाहीत, आणि दिल्लीने आवाज उठवायचा असेल तर तो ती माणसे हयात असतानाच उठविला पाहिजे.